पुंगली पुलावर कॅमेरा नेण्याआधी

युद्धपट काढणाऱ्या निर्माता-दिग्दर्शकांस,



१९९७ च्या पावसाळ्यात आबा, माझे वडील, 'बॉर्डर' बघायला साताऱ्याला गेले होते. गावातले सात पेन्शनर मिळून एसटीनं गेले. पांढरे धुतलेले शर्ट, आणि दोघांनी तर छातीवर पदकांच्या फिती लावल्या होत्या. रात्री शेवटच्या गाडीनं परत आले. आईनं ताट वाढलं आणि विचारलं, कसा होता? आबा म्हणाले, "चांगला होता. रडाय आलं." दोन घास खाल्ले आणि मग म्हणाले, "पर रातभर एवढं वरडत व्हते सगळे. गोळी कुणीकडनं येतीया, ते ऐकू कुणाला आलं आसंल?"

मी तेव्हा बी.एड. करत होते. मला त्या बोलण्याचं हसू आलं होतं. आबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हा मंडळींचे जवळजवळ सगळे युद्धपट मी पाहिले, आणि दरवेळी काळोखात बसून तोच प्रश्न माझ्या मनात येतो. म्हणून हे पत्र.

आबा पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते. फौजेत तिला जंगी पलटण म्हणतात. ते वायरलेसवर होते. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. त्या लढाईवर मोठा सिनेमा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही, पण कधी ना कधी तो येईल. कारण त्यात तुम्हाला हवं ते सगळं आहे: नदी, रात्र, वेढा, शत्रूनं पत्रातून पाठवलेली गोळी आणि शेवटी आकाशातून उतरणाऱ्या छत्र्या. असा सिनेमा यावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच, तुमच्या हातात पटकथा यायच्या आधी थोडं बोलावं म्हटलं.

आधी लढाई सांगते.

उत्तरेकडून, मेघालयाच्या डोंगरातून ९५ माउंटन ब्रिगेड खाली उतरली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर तिचे प्रमुख. वाटेत ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र आणि त्याच्या पलीकडे जमालपूर. गावात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसलेली. समोरून धडक मारली असती तर माणसं फार गेली असती. म्हणून लांबून नदी ओलांडायची आणि गावाच्या पाठीमागे जाऊन, दक्षिणेला टांगाईल-ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसायचं ठरलं. नदी पार करायला फौजेच्या गाड्या कामाच्या नव्हत्या. गावकऱ्यांनी होड्या दिल्या, बैलगाड्या दिल्या. उखळी तोफांचे गोळे बैलगाडीतून गेले. आबा या लढाईबद्दल सांगायला लागले की सुरुवात कायम बैलांपासून करायचे. तिकडचे बैल आपल्या खिलाराच्या निम्मे, म्हणायचे, पण चिखलात खिलार अडकला असता, ते अडकले नाहीत. एका म्हाताऱ्यानं गाडी पलीकडे पोचवली, पैसे घेतले नाहीत आणि परत फिरताना आबांच्या हातावर भाजलेले चणे ठेवले. लढाईतला हा एवढाच माणूस आबांना चेहऱ्यानिशी आठवत होता.

वेढा पडल्यावर ९ डिसेंबरला क्लेरसाहेबांनी बलुच पलटणीच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूदला पत्र लिहिलं. तुमची वाट तुटली आहे, शरण या, नाहक माणसं मारू नका, अशा मतलबाचं. एक बंगाली माणूस पांढरं निशाण आणि ते पत्र घेऊन शत्रूच्या मोर्चात गेला. विचार करा, हातात फडकं आणि कागद, दोन्ही बाजूंच्या बंदुका त्याच्यावर रोखलेल्या. उत्तर आलं ते खणखणीत होतं. मजकुरात मर्दानी टोमणा होता आणि कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. हे पत्र तुम्ही दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दाखवाच. पण ते नेणाऱ्या माणसाच्या चालीवर कॅमेरा थोडा जास्त वेळ ठेवा. दोन्ही कमांडरांना आपापल्या मोर्चाची आड होती, त्याला काहीच नव्हती.

आणि मग १० डिसेंबरची रात्र. बलुच पलटण रात्री वेढा फोडून ढाक्याकडे निसटायला बाहेर पडली. समोर रस्त्यावर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांची जंगी पलटण. रात्रभर एकामागून एक हल्ले आले, रस्ता काही सुटला नाही. उजाडलं तेव्हा मोर्चांसमोर दोनशेच्या वर प्रेतं होती आणि जमालपूर शरण येत होतं. सुलतान महमूद स्वतः मात्र काही माणसं घेऊन अंधारात निसटला होता.

आता आबांची त्या रात्रीची गोष्ट. ती कुठल्या इतिहासात सापडायची नाही. अंधार पडल्यावर सेटवर बोलायची बंदी होती. सगळं ठीक असेल तर वायरलेसवाल्यानं तोंड उघडायचं नाही, फक्त स्विच दोनदा दाबायचा. पलीकडच्या कानात दोनदा 'टक टक' ऐकू आलं की समजायचं, माणूस जागेवर आहे. थंडी अशी की बोटाला स्विच कळेना, म्हणून आबांनी हातमोजा काढून ते बोट तोंडात धरून ठेवलं होतं. समोरून पावलांचा आवाज येत होता. भाताच्या कापलेल्या शेतात पाऊल पडलं की धसकटं मोडतात, त्याचा. पहिल्यांदा लांब, मग जवळ, मग इतकं जवळ की माणसाचं खोकणं कळावं. आणि पूर्ण पलटण गप्प. हुकूम झाला नव्हता, म्हणून कुणी घोडा दाबला नाही. आबा म्हणायचे, त्या वेळेला आपल्याच छातीचा आवाज शत्रूला जाईल असं भ्या वाटलं.

सरकारी पेन्शन घेणारा, शेतावर राबणारा, चारचौघांसारखा हा माणूस पुढं आयुष्यभर टेलिफोनवर कुजबुजत बोलला. मोबाईल आला तरी तोंडावर हात धरायचा. आम्ही पोरं ओरडायचो, आबा, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. त्यांना काही ते जमलं नाही.

तुमच्या सिनेमात रात्रीची लढाई म्हणजे आरडाओरडा असतो. नायक खंदकाबाहेर उभा राहतो, शत्रूला नावानं हाक मारतो, छातीवर गोळ्या झेलत पन्नासजणांना लोळवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्यात. मराठा पलटणीची युद्धगर्जना साऱ्या जगाला माहीत आहे. महाराजांचं नाव घेऊन ती तुटून पडते तेव्हा अंगावर काटा येतोच. पण त्या गर्जनेला वजन कशानं येतं? तिच्या आधीच्या दोन तासांच्या शांततेनं. एवढी माणसं, एवढी भीती, आणि एकाचंही बोट हललं नाही, याला आबा शिस्त म्हणायचे. माझ्या मते याच्याइतकं चित्तथरारक दृश्य दुसरं नाही, आणि ते काढायला स्फोटकं लागत नाहीत. उत्तम ध्वनिमुद्रक लागतो.

जमालपूर पडलं ११ तारखेच्या सकाळी. त्याच दिवशी, दिवस कलताना, दक्षिणेला टांगाईलच्या आकाशात छत्र्या उघडल्या. दुसरी पॅरा बटालियन, तोफा आणि इंजिनियर धरून एक हजाराच्या आसपास माणसं. ही पलटणसुद्धा मूळची तिसरी मराठा, १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे प्रमुख. काम एकच: लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट बंद करायची. त्यांच्या आधी कॅप्टन घोष नावाचे एक अधिकारी गुपचूप तिथं पोचून, कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या मदतीनं उतरायची जागा बघून ठेवत होते. सामान तळ्यांत, शेतांत पडलं, ते गावकऱ्यांनी डोक्यावरून आणून दिलं. संध्याकाळपर्यंत पूल हातात आला. शत्रूची काही माणसं त्याआधीच पूल ओलांडून गेली होती, सगळी सापडली नाहीत, हेही खरं आहे आणि तेही दाखवायला हवं. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जंगी पलटण तिथं पोचली. जमिनीवरून आलेले मराठे आणि आभाळातून आलेले मराठे एका पुलावर भेटले. त्या भेटीचं आबांना काय आठवत होतं? कुणीतरी तंबाखू विचारली. मराठीत.

आता तुमच्या धंद्याशी फार जवळचं नातं असलेली गोष्ट. या उडीची बातमी जगभर गेली ती एका छायाचित्रासकट, आभाळभर छत्र्यांच्या. ते छायाचित्र टांगाईलचं नव्हतंच. ते आधीच्या एका मोठ्या सरावातलं होतं. फौजेचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी पुढं स्वतः हे सांगितलं. छायाचित्र बघून आकडा फुगत गेला, हजाराचे पाच हजार झाले, आणि ढाक्यात बसलेले पाकिस्तानी सेनापती नियाझी यांच्या मनावर त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. १६ डिसेंबरच्या सकाळी हेच पॅरावाले ढाक्यात शिरले आणि दुपारी नियाझींनी शरणागतीवर सही केली.

एका चित्रात एवढी ताकद असते. पण तेव्हा चित्र मोठं करून दाखवलं ते शत्रूला, युद्ध चालू असताना, माणसं वाचावीत म्हणून. तुमचा सिनेमा येतो त्याला पन्नास वर्षं उलटलेली असतात. समोर शत्रू नसतो. समोर आम्ही असतो, तिकीट काढून, पोरांना मांडीवर घेऊन. आमच्या पोरांना जमालपूर आणि टांगाईल ही नावं शाळेत कुणी शिकवत नाही. मी स्वतः इतिहास शिकवते, मला माहीत आहे. तुम्ही जे दाखवाल तेच त्यांना आयुष्यभर खरं वाटणार आहे.

म्हणून माझं एकच मागणं आहे. मोहिमेचं खरं नाव घेणार असाल, पलटणीचं खरं नाव आणि माणसांची खरी नावं वापरणार असाल, तर त्यांच्या जगण्यामरण्याला हात लावू नका.

'बॉर्डर'चंच उदाहरण घेऊ, कारण त्या सिनेमावर आमच्या घरानं प्रेम केलं. त्यातलं पत्रांचं गाणं आई भाकरी थापताना गुणगुणायची. १९७१ च्या त्या महिन्यात तिच्याकडे आबांचा पत्ता म्हणून फक्त '९९ एपीओ' एवढाच आकडा होता. नवरा नकाशावर कुठं आहे हे तिला शरणागतीची सही झाल्यावरही तीन आठवडे कळलं नव्हतं. त्यामुळं ते गाणं तिचंच होतं. पण हा सिनेमा ज्या लोंगेवालाच्या लढाईवर आहे, त्या खऱ्या लढाईत आपल्याकडचे दोन जवान कामी आले. सिनेमात बरेच मरतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड सिनेमात हुतात्मा होतात. प्रत्यक्षात ते लढाईनंतर अर्धशतक जगले. २०२२ च्या डिसेंबरात जोधपूरला वारले. लेफ्टनंट धरमवीर पडद्यावर मरतात, खरे धरमवीर लढाईतून सुखरूप परतले आणि पुढंही फौजेत राहिले. राठोडांना हे खटकलं होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. जिवंतपणी आपल्या मरणाचं दृश्य देशभर हजार वेळा बघणं, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला "मी तोच, मी मेलो नाही" असं सांगणं, कसं वाटत असेल? आमच्या भागात मिलिटरीवाल्याच्या घरी खोटी तार आली म्हणून बायकोनं बांगड्या फोडल्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्यात. म्हणून मला हा प्रकार नाट्यस्वातंत्र्यात बसवता येत नाही. जगलेल्या माणसाला मारायचं असेल तर त्याचं नाव बदला. 'उरी'मध्ये पात्रांची नावं बदलली होती. मोहीम तीच राहिली, सिनेमाही प्रचंड चालला.

मरणानंच मोठेपण येतं असं समजणं, ही मला यातली सगळ्यात मोठी गफलत वाटते. बारा तास जागा धरून ठेवून सकाळी जिवंत सापडलेला जवान प्रेक्षकाला कमी कशानं वाटेल? दाखवणाऱ्यानं नीट दाखवलं तर मुळीच वाटणार नाही.

परदेशातलं एक उदाहरण. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९७७ साली 'अ ब्रिज टू फार' काढला, १९४४ च्या मार्केट गार्डन मोहिमेवर. त्या काळातला अवाढव्य खर्च, मोठमोठे नट, खरी डाकोटा विमानं, खऱ्या उड्या. आणि विषय काय, तर फसलेली मोहीम. आर्नहेमला ऱ्हाइनच्या पलीकडे सुमारे दहा हजार उतरले, त्यातले दोन-अडीच हजार परत आले. एवढा पैसा पराभवावर लावायला धाडस लागतं. आर्नहेमचा पूल उभा होता, पण त्याच्या आजूबाजूला नवं शहर वाढलेलं, म्हणून चित्रीकरण डेव्हेन्टरच्या पुलावर केलं. ही तडजोड मला मान्य आहे, पूल बदलला तरी माणूस बदलला नाही. आर्नहेमचा पूल धरून बसलेले जॉन फ्रॉस्ट तेव्हा हयात होते आणि चित्रीकरणाला सल्लागार होते. त्यांची भूमिका करणारे अँथनी हॉपकिन्स एका घरातून दुसऱ्या घरात गोळीबारातून धावत गेले, तेव्हा फ्रॉस्ट म्हणाले, एवढं जोरात नको, अधिकाऱ्यानं आपल्याला धोक्याची पर्वा नाही हे माणसांना दिसेल असं जायचं असतं. बघा, केवढीशी सूचना. पण एका माणसाच्या चालण्यात अख्खी पलटण कशी उभी राहते ते त्यातून कळतं. ही गोष्ट कुठल्याही संशोधकाला कागदपत्रांत सापडली नसती. त्याच सिनेमात जनरल ब्राउनिंग ज्या तऱ्हेनं रंगवले, त्यानं त्यांच्या पत्नी, लेखिका डॅफ्नी द्यु मोरिए, फार दुखावल्या होत्या. म्हणजे तिथंही सगळं नीट झालं असं नाही. जिथं विचारायला माणूस होता तिथं ते विचारलं गेलं, जिथं माणूस मरण पावला होता तिथं चुकलं.

शत्रूबद्दलही बोलते. जमालपूरच्या आधी, सीमेजवळ कमालपूर नावाची एक चौकी होती. पाकिस्तानचे कॅप्टन अहसान मलिक मूठभर माणसं घेऊन तीन आठवडे ती लढवत राहिले आणि सगळं संपल्यावरच शरण आले. माणेकशांनी त्यांच्या शौर्याबद्दल त्यांना शाबासकी कळवली. आपल्या सरसेनापतीनं, युद्ध चालू असताना. आबाही बलुच पलटणीबद्दल कधी वावगं बोलले नाहीत. "मागनं मागनं येत व्हते. पडत व्हते, तरी येत व्हते," एवढंच म्हणायचे, आणि त्यानंतर थोडा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. पडद्यावर शत्रू मूर्ख, भित्रा, कपाळावर आठ्या घातलेला दाखवला की आबांसारख्यांची ती रात्र लहान होते. भित्र्या माणसांना अडवायला कोण कशाला रात्रभर बोट तोंडात धरून बसेल?

पैशांबद्दल मी काय सांगणार? शंभर-दोनशे कोटींचा हिशेब माझ्या आवाक्यातला नाही. रणगाडे भाड्यानं आणा, विमानं संगणकावर उडवा, परदेशात सेट लावा. पण त्यातली एक लहानशी रक्कम बाजूला काढा, आणि एका माणसाला ध्वनिमुद्रणाचं यंत्र देऊन सहा महिने फिरायला पाठवा. साताऱ्याचा, कोल्हापूरचा, सांगलीचा, रत्नागिरीचा, बेळगावचा भाग. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथं जवळपास घरटी एक फौजी. पलटणीचे म्हातारे दरवर्षी जमतात, तिथं त्याला बसू द्या. सीमेपलीकडेही पाठवा. गाडीवानांची, पांढरं निशाण नेणाऱ्यांची मुलंनातवंडं तिथं असतील. फौजेकडून ना हरकत घ्यायला तुम्ही जाताच. तिथं गणवेश बघितला जातो, हुद्दा बघितला जातो, ते योग्यच आहे. धसकटांचा आवाज कसा होता, ते मात्र तिथं कोण सांगणार?

आणि घाई करा. १९७१ ला वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. दर पावसाळ्यात आमच्या गावात एकाला तिरंग्यात निरोप द्यावा लागतो. आबांना मी फार उशिरा विचारायला लागले. ते गेले तेव्हा माझ्या वहीत अकरा पानं भरली होती. त्या तंबाखू मागणाऱ्याचं गाव कुठलं, ते विचारायचं राहून गेलं.

जंगी पलटणीतले दोघं अजून आमच्या गावात आहेत. एक देवळामागं राहतात, सकाळी नऊच्या आत गेलात तर भेटतात, नंतर शेतावर जातात. दुसऱ्यांच्या उजव्या कानाला त्या रात्रीपासून ऐकू येत नाही. त्यांच्या डाव्या अंगाला बसा आणि सावकाश विचारा. चहा घेतल्याशिवाय ते बोलायला लागत नाहीत, तेवढा वेळ हातात ठेवून या.

कळावे,

आपली,
पहिल्या मराठा पलटणीतल्या एका वायरलेसवाल्याची मुलगी